तिसऱ्या भोंग्याला एक चमचा

साखर पेठेतल्या आमच्या पाटीवर अजून आजोबांचं अक्षर :
तडवळकर मेडिकल.
मध्यंतरी उन्हानं ‘कल’ उडालं,
तर बरीच वर्षं लोक ‘मेडि’तच जायचे.

आजोबा आधी मिलच्या दवाखान्यात कंपाउंडर.
दुकान टाकलं तरी मिक्श्चर स्वतः ढवळायचे,
बाटलीला कागदाची दातेरी पट्टी डकवायचे.
एक दात म्हणजे एक डोस,
अक्षर न येणाऱ्यालाही बोटानं मोजता यावा.
खोकल्याला दुकानात चार शब्द :
खोकला, दग्गु, केम्मु, खाँसी.
बाटली एकच, गुलाबी.
माणूस ज्या भाषेत खोकेल
त्या भाषेत उत्तर द्यायचं.

घड्याळ कुणाच्या घरी होतं?
पहिल्या भोंग्याला एक चमचा,
तिसऱ्या भोंग्याला एक.
अख्खी पेठ म्हणे
एकाच वेळी तोंड वाकडं करायची.

मग मिल बंद पडली.
आठवड्यानं राजम्मा चिट्याल आली,
तंबाखूनं पिवळी पडलेली बोटं काउंटरवर टेकून म्हणाली,
“भोंगा तर गेला की अण्णा.
आता औषिद कधी घ्यायचं?”

अप्पा तेव्हा गल्ल्यावर नवे.
म्हणाले, “जेवणानंतर घ्या.”
ती उभीच राहिली.
तिच्या मागचे चौघंही एकाएकी
फळीवरच्या बाटल्या वाचू लागले.
त्यांतल्या दोघांना वाचता येत नव्हतं.

त्या संध्याकाळपासून काउंटरवर
ग्लुकोज बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
त्याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही.
मी शोधला.
एकदा इन्कमटॅक्सवाल्यांनीही शोधला.

उधारीची वही मात्र आहे, लाल कापडातली.
तिच्यात आडनावं नाहीत :
‘विडीवाल्या अंबव्वाची थोरली’,
‘दम्याचे मामा, कन्ना चौक’.
कुठे आकडा खोडून ‘गेले’,
आणि पुढे अप्पांच्या शाईत ‘फिटले’.
आजार कुणाचाच लिहिलेला नाही, दमा सोडून.
दमा काय, सगळ्यांना ऐकूच यायचा.

आता एक सांगायचं राहिलं.
मौलासाब, कताई खात्यातले जॉबर,
मिलनंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आले, चिठ्ठी घेऊन.
झोपेच्या दहा गोळ्या.
अप्पांनी कात्री घेतली, दोन कापून दिल्या.
“उरलेल्या उद्या न्या.”
दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी, चौथ्याही.
दर खेपेला दोन गोळ्या,
चहा, आणि बंद मिलच्या गप्पा.
पाचव्या दिवशी आले नाहीत.
रात्री शटर ओढून अप्पा घरी गेले त्यांच्या.
कुलूप.
शेजारी म्हणाले, भिवंडीला गेले, पोराकडे.

आठ गोळ्या रोज झोपताना घेतल्या
की कुठे उशाखाली साठवल्या,
अप्पांना कधीच कळलं नाही.
भिवंडीचं नाव निघालं
की ते उगाच कुठलीतरी फळी पुसायचे.

मी काही त्यांच्याइतकी चांगली नाही.
उधारी नाही म्हणते. क्यूआर कोड लावलाय.
चौकात काचेचं मोठं दुकान झालंय, वीस टक्के सूट,
आत इतका गारवा की आजारी माणूसही बरा दिसतो.
बीपीची गिऱ्हाइकं तिकडे जातात,
आणि गोळी कधी घ्यायची ते विचारायला इकडे येतात.
मी चिडते. सांगते.
पाकिटावर सूर्य काढून देते, चांदोबा काढून देते.

दर तीन महिन्यांनी तारीख उलटलेली औषधं
कंपनीला परत जातात.
ड्रॉवरमधली एक पट्टी जात नाही.
कात्रीनं कापलेली, दोन गोळ्या शिल्लक.

परवा रात्री साडेनऊला एक पोरगा,
चिठ्ठी खरी, सही खरी.
डोळे मात्र कुठेच टेकत नव्हते.
“पूर्ण पट्टी द्या, मॅडम.”
“दोन ने. उरलेल्या उद्या.”
“उद्या उघडं असतं का?”

उद्या रविवार होता.
असतं, म्हटलं.